ख्रिश्चन कॉलेजात सायकॉलॉजी घ्यायचंय? ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी सगळीकडून मला तेच तेच प्रश्न यायला लागतात. झेवियर्सला आपल्याला घेतात का, सोफियात प्रार्थना कंपल्सरी असते का, मराठी मीडियमच्या मुलीला इंग्लिश झेपेल का, आणि एवढं करून पुढे नोकरी लागते का. मी ठाण्याहून रोज लोकलने जाऊन अशाच एका कॉलेजातून सायकॉलॉजीत बीए केलंय आणि आता नवी मुंबईत एका शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांना वाटतं हिला विचारा. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करते. ख्रिश्चन कॉलेजातलं सायकॉलॉजी वेगळं नसतं. अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाचा असतो, कॉलेज ऑटोनॉमस असेल तर त्यांनी स्वतः ठरवलेला असतो, पण आत विषय तेच, मेंदू आणि वर्तन, शिकणं, स्मृती, व्यक्तिमत्त्व, सोशल, अ‍ॅबनॉर्मल, टेस्टिंग, स्टॅटिस्टिक्स. बायबलवर पेपर नसतो. फरक पडतो तो वातावरणात, आणि या कॉलेजांना सेवाकार्याची जी जुनी सवय आहे त्यात, म्हणजे अंध विद्यार्थी, व्यसनी माणसं, वस्तीतली मुलं यांच्यापर्यंत पोचायचे रस्ते तिथे आधीपासून असतात. माझं ठाम मत असं की कॉलेजचं नाव ॲडमिशनच्या आठवड्यात छान वाटतं, सायकॉलॉजी मात्र प्रॅक्टिकलच्या टेबलावर, स्टॅट्सच्या वहीत आणि माणसांसमोर बसूनच येतं. म्हणून कॉलेज निवडताना पण हेच तीन बघा.

कुठली कॉलेजं आणि जायचं कसं

आपल्याकडून मुलं जातात ती नावं ठरलेली आहेत. सेंट झेवियर्स, १८६९ मध्ये जेसुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी काढलेलं आणि २०१० पासून ऑटोनॉमस. विल्सन, गिरगाव चौपाटीसमोर, १८३२ चं, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी सुरू केलेलं. सोफिया, ब्रीच कँडीला, १९४० चं, सिस्टरांचं, फक्त मुलींसाठी. आणि वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज, १९८३ चं.

ठाण्याहून झेवियर्स सगळ्यात सोपं, फास्ट पकडून सीएसएमटी आणि मग कामा हॉस्पिटलच्या बाजूने चालत. विल्सन आणि सोफियासाठी दादरला वेस्टर्नला बदलावं लागतं, विल्सनला चर्नी रोड किंवा ग्रँट रोड, सोफियाला ग्रँट रोड किंवा मुंबई सेंट्रलला उतरून बस. वाशी, नेरूळ, पनवेलची मुलं हार्बरने थेट सीएसएमटी, आणि वांद्र्याला जायचं तर वडाळ्याला बदलून. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं पण तीन वर्षं रोज करायचंय, आणि ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, तेव्हा पावसाळ्यात कुर्ला-सायनला पाणी भरलं की काय होतं ते आत्ताच डोळ्यासमोर आणा. रोजचे तीन तास प्रवासात गेले तर अभ्यास ट्रेनमध्ये करावा लागतो हे गृहीत धरा. ठाण्याहून सुटणारी लोकल पकडली तर बसायला मिळतं आणि दादरपर्यंत एक धडा वाचून होतो. पासाचं कन्सेशन कॉलेजच्या ऑफिसमधून मिळतं, तीन महिन्यांचा काढा, दर महिन्याला त्या रांगेत उभं राहू नका.

आणि हे पण सांगते, कारण आईबाबा मुलांसमोर बोलत नाहीत पण मला बाजूला घेऊन विचारतात, प्रवास किंवा फी झेपत नसेल तर ठाण्यात जोशी-बेडेकर आहे, मुलुंडला वझे-केळकर आहे, तिथून शिकून उत्तम काम करणारे लोक मला माहीत आहेत. ख्रिश्चन कॉलेज मिळालं नाही म्हणून वर्ष वाया घालवायची काहीच गरज नाही.

ॲडमिशनचं गणित

ही कॉलेजं अल्पसंख्याक संस्था आहेत. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, त्यामुळे साधारण निम्म्या जागा ख्रिश्चन विद्यार्थ्यांसाठी असतात आणि उरलेल्या सगळ्यांना खुल्या. म्हणजे आपल्याला घेतात का या प्रश्नाचं उत्तर हो, घेतात, पण खुल्या जागांचा कटऑफ वर जातो. ज्या घरांमध्ये आरक्षणाच्या भरवशावर गणित मांडलं जातं त्यांनी एक नीट समजून घ्या, कलम १५(५) मध्ये अल्पसंख्याक संस्थांना या आरक्षणातून वगळलंय, त्यामुळे एससी, एसटी, ओबीसी कोटा इथे इतर कॉलेजांसारखा मिळेलच असं धरू नका, प्रॉस्पेक्टसमध्ये जागांची विभागणी दिलेली असते ती वाचा, नाही कळली तर ऑफिसमध्ये जाऊन विचारा. त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेल्यांना इनहाऊस जागा असतात, त्याही या हिशोबात येतात. ठाण्यातली, वसईतली ख्रिश्चन मुलं असतील तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि पॅरिशच्या फादरांचं पत्र वेळेत काढून ठेवा, रिझल्टच्या आठवड्यात सगळेच तिथे पळत असतात.

विद्यापीठाची प्री-एनरोलमेंट आणि कॉलेजचा स्वतःचा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही भरायच्या. सायन्स, कॉमर्सवाल्यांनाही बीएला येता येतं आणि अकरावी-बारावीला सायकॉलॉजी नसलं तरी चालतं.

अजून एक, नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असं सगळं झालंय, तेव्हा ॲडमिशन घेताना एवढंच पक्कं विचारा की सायकॉलॉजी मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळणार का, कधी ठरणार, आणि ते पहिल्या वर्षाच्या मार्कांवर ठरतं का. जिथे मार्कांवर ठरतं तिथे एफवाय म्हणजे आरामाचं वर्ष ही समजूत महागात पडते, मेजरला जागा मोजक्या असतात आणि मागणारे खूप.

शक्य असेल तर फॉर्म भरायच्या आधी एकदा डिपार्टमेंटमध्ये जाऊन या. सायकॉलॉजीची लॅब आहे का, उघडून दाखवतात का, टेस्ट कुठल्या आहेत, टीवायच्या म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टसाठी गाइड किती वेळ देतात, कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक आहे का. आणि शिकवणाऱ्या मॅडमना विचारण्यापेक्षा कँटीनमध्ये बसलेल्या टीवायच्या मुलींना विचारा, त्या खरं सांगतात. मराठीतून पेपर लिहायची मुभा आहे का हेही आधीच विचारून घ्या, ॲडमिशन झाल्यावर नाही.

प्रार्थना, फादर, सिस्टर वगैरे

घरच्यांची मोठी काळजी हीच असते. तर, कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अठरा वर्षांखाली असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्रत्यक्षात काय असतं तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक छोटी प्रार्थना, वर्षातून एखादी मास म्हणजे चर्चमधली उपासना, ज्याला जायचं त्याने जायचं, व्हॅल्यू एज्युकेशनचा तास ज्यात धर्मापेक्षा माणूस म्हणून कसं वागायचं यावर बोलणं जास्त, आणि जेसुइट कॉलेजात ३१ जुलैला संत इग्नेशियसचा सण. उभं राहायचं, शांत राहायचं, एवढं आपण कोणाच्याही घरी करतो. प्रिन्सिपल फादर किंवा सिस्टर असल्या तर फादर, सिस्टर अशीच हाक मारायची, सर-मॅडम नको.

जेसुइट लोकांची एक पद्धत मला मनापासून आवडते, माणसाची पूर्ण काळजी घ्यायची, त्याच्या मार्कांपुरती नाही. मुलगा दोन आठवडे लेक्चरला दिसला नाही तर कोणीतरी विचारतं. आणि दिवसाच्या शेवटी शांत बसून आज काय झालं, कुठे मन ओढलं गेलं, कुठे चिडलो हे बघायची त्यांची जी जुनी साधना आहे ती धर्म बाजूला ठेवूनही सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्याला उपयोगाची आहे, कारण पुढे समुपदेशनात स्वतःच्या भावना ओळखता आल्या नाहीत तर समोरच्याच्या ओळखता येत नाहीत.

धर्म आणि सायकॉलॉजी यांची टक्कर होते का? वर्गात तरी नाही. फ्रॉइड धर्माला भ्रम म्हणायचा, ते फादरांच्या कॉलेजात सरळ शिकवलं जातं. दुसऱ्या बाजूला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिनबर्गला धार्मिक अनुभवांवरच व्याख्यानं दिली, आणि ऑलपोर्ट व रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये फरक दाखवला की काही लोक धर्म आतून जगतात आणि काही लोक तो ओळखीपाळखी, प्रतिष्ठा, सुरक्षितता यांसाठी वापरतात, आणि या दोघांचे पूर्वग्रह सारखे नसतात. हा विषय खरंच समृद्ध आहे आणि प्रोजेक्टला छान आहे. वारीला जाणारे, माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाणारे, दोघंही आपल्या आजूबाजूला आहेत. फक्त श्रद्धा खरी का खोटी हे ठरवायला सायकॉलॉजी नसतं, ती माणसाच्या वागण्यात काय करते एवढंच आपण बघतो, आणि कोणाच्या श्रद्धेची वर्गात खिल्ली उडवायची नाही, स्वतःच्या श्रद्धेवर प्रश्न आला तर दुखावून घ्यायचं नाही.

इंग्लिश

मराठी मीडियममधून आलेल्यांनो, पहिले दोन महिने जड जातात, मग जात नाहीत. एक वही करा, डावीकडे इंग्लिश संज्ञा आणि उजवीकडे मराठीत दोन ओळींत अर्थ आणि आपल्या घरातलं एक उदाहरण. रीइन्फोर्समेंटला प्रबलन हे शब्दकोशातलं उत्तर झालं, पण भावाने रडून मोबाइल मागितला, आईने दिला, आता तो रोज रडतो, असं लिहिलं की पेपरात ते विसरायला होत नाही. निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा असं लिहून मुलं दरवर्षी मार्क घालवतात. तेच उदाहरण घ्या, मोबाइल दिल्यावर रडणं थांबलं म्हणून आईला सुटका मिळाली आणि तिची मोबाइल द्यायची सवय पक्की झाली, नकोशी गोष्ट गेल्यामुळे वागणं वाढलं, हे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. शिक्षेने वागणं कमी होतं. एकाच प्रसंगात आई आणि मुलगा दोघं काय शिकले ते लिहिता आलं की तो धडा कळला समजा.

वर्गात बोलायला लाज वाटते ते मला माहीत आहे, साउथ मुंबईची मुलं भराभर बोलतात, पण भराभर बोलणं आणि विषय कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न मराठीत सुचला तर लिहून घ्या, तास संपल्यावर जाऊन विचारा. आणि आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे नसते, पुढे क्लायंट मराठीत रडणार आहे, मराठीत चिडणार आहे, तेव्हा जीव घाबरा होतो, काळजात धस्स होतं, डोकं भणभणतं या प्रत्येकात काय वेगळं आहे ते तुम्हाला विचारावं लागणार नाही.

स्टॅटिस्टिक्सपासून पळू नका

आर्ट्स घेतलं म्हणजे गणित सुटलं असं समजून येणाऱ्यांना इथे धक्का बसतो. सरासरी, प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, नॉर्मल कर्व्ह, सहसंबंध, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर एवढं बीएला येतं आणि त्याला दहावीचं गणित पुरतं. रोज अर्धा तास, हाताने, कॅल्क्युलेटर घेऊन. सॉफ्टवेअर नंतर शिका. नॉर्मल कर्व्हमध्ये सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलनात साधारण ६८ टक्के लोक बसतात, हे एकदा डोक्यात बसलं की आयक्यू ११५ म्हणजे काय हे लगेच कळतं, कारण आयक्यूची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरतात, मग ११५ च्या खाली साधारण ८४ टक्के लोक आले. आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे हे घोकून पाठ करू नका, समजून घ्या. पावसाळ्यात छत्र्यांचा खप वाढतो, लेप्टोचे पेशंटही वाढतात, छत्रीमुळे लेप्टो होत नाही, दोन्हीच्या मागे पाऊस आहे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अर्ध्या आरोग्याच्या बातम्या एवढ्यावर तपासता येतात.

पुस्तकातले गाजलेले प्रयोग वाचतानाही हीच नजर ठेवा. २०१५ मध्ये बऱ्याच संशोधकांनी मिळून सायकॉलॉजीतले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तर मूळ अभ्यासांपैकी जवळजवळ सगळ्यांत लक्षणीय निकाल होते, पुन्हा करताना ते ३६ टक्क्यांतच आले. १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगावर तर आता खूप टीका झालीय, पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं गेलं होतं असं रेकॉर्डिंगमधून पुढे आलं. वर हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य, शिकलेल्या, पैसेवाल्या समाजातल्या लोकांवर झालेले आहेत, बऱ्याचदा कॉलेजच्या पोरांवरच. म्हणून प्रत्येक धड्याशी हा प्रश्न लिहा की हे घणसोलीच्या एकत्र कुटुंबात असंच दिसेल का. परीक्षेत अशा एका परिच्छेदाचा फायदाच होतो.

प्रॅक्टिकल नीट कसं करायचं

माझ्या मते तीन वर्षांतली सगळ्यात मौल्यवान गोष्ट हीच, आणि मुलं ती जर्नल कॉपी करून उरकतात. १९३५ चा स्ट्रूपचा प्रयोग घ्या. कागदावर लाल, निळा, हिरवा, पिवळा हे शब्द असतात पण शाई वेगळ्या रंगाची, म्हणजे लाल हा शब्द हिरव्या शाईत, आणि समोरच्याने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. दुसऱ्या कागदावर शब्दाऐवजी नुसते रंगीत ठिपके. दोन्हींना लागलेल्या वेळेतला फरक म्हणजे आपला डेटा.

आता करताना काय काय बघायचं. समोर कॉमर्सची एक एफवायची मुलगी बसलीय, थोडी घाबरलेली, तिला वाटतंय आपली हुशारी मोजणार. आधी सांगा की ही बुद्धिमत्तेची चाचणी नाही, कधीही थांबता येईल, नाव कुठेही लिहिणार नाही. रंग नीट ओळखता येतात ना ते विचारा. सूचना सगळ्यांना शब्द न शब्द त्याच द्या, म्हणून कार्डवर लिहून वाचा, एकीला हसून आणि दुसरीला घाईत सांगितलं तर तो फरक पण वेळेत येतो. सराव द्या. अर्ध्या लोकांना आधी ठिपक्यांचा कागद आणि अर्ध्यांना आधी शब्दांचा, नाहीतर थकव्याचा आणि सरावाचा परिणाम एकाच बाजूला जमा होतो. मोबाइलचं स्टॉपवॉच चालेल पण फोन सायलेंटवर. आणि मग ती अडखळते तो क्षण बघा, तोंडातून ला… निघतं, ती थांबते, हसते, हिरवा म्हणते. चूक पण नोंदवा, सुधारलेली चूक वेगळी नोंदवा. संपल्यावर विचारा की काय चाललं होतं मनात, ती म्हणेल शब्द आपोआप वाचला जातोय, थांबवता येत नाही, आणि हेच तर स्वयंचलित प्रक्रियेबद्दल पुस्तकात चार पानं लिहिलेलं असतं. शेवटी तिला प्रयोग कशाचा होता ते समजावून सांगा, हे राहून जातं बऱ्याच जणांकडून आणि ते चुकीचं आहे, तिने आपल्याला वेळ दिलाय.

जमलं तर तोच प्रयोग मराठी आणि इंग्लिश दोन्ही शब्दांनी करून बघा. ज्या भाषेत वाचायची सवय जास्त त्या भाषेत अडखळणं सहसा जास्त असतं. ठाण्याची मुलं यासाठी अगदी योग्य, कारण प्रत्येकाच्या घरात दोन-तीन भाषा आहेत.

दुसऱ्यांवर लेबल लावू नका

अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी सुरू झालं की पहिल्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येकाला वाटतं आपल्याला सगळे आजार आहेत, दुसऱ्या महिन्यात वाटतं घरातल्या सगळ्यांना आहेत. मैत्रिणीला तू बायपोलर आहेस, काकांना तुम्ही नार्सिसिस्ट आहात असं म्हणायचं नाही, गमतीत पण नाही. निदान करायला प्रशिक्षण आणि अधिकार लागतो, बीएच्या विद्यार्थ्याकडे दोन्ही नसतं. आणि आपल्या ठाण्यात हे जास्त जपायला हवं, इथे मनोरुग्णालय असल्यामुळे ठाण्याला पाठवू का असं अख्खा महाराष्ट्र सहज बोलतो, आपण सायकॉलॉजीवाल्यांनी तरी ते बोलू नये आणि समोर कोणी बोललं तर शांतपणे टोकावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, मग ट्रेनमध्ये ग्रुपमध्ये बसून आजच्या व्हिजिटला बघितलेल्या पेशंटची गोष्ट मोठ्याने सांगायची नाही, शेजारी त्याचाच भाऊ उभा असू शकतो.

वर्गाबाहेरचं शिक्षण

ठाण्याच्या मुलांचं नशीब की आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ इथेच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, आणि मराठीतून मानसिक आरोग्यावर तिथे जेवढं बोललं जातं तेवढं क्वचित कुठे. त्यांचे कार्यक्रम ऐका, स्वयंसेवक म्हणून काही करता येतं का विचारा. झेवियर्समध्ये असाल तर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आहे, तिथे मदत करा. परसेप्शनचा धडा शिकताना न बघता जगणाऱ्या माणसाबरोबर तास दोन तास घालवले की स्पर्श, आवाज, अंतर याबद्दल जे कळतं ते पुस्तकात सापडत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या खुल्या मीटिंगला एकदा जाऊन बसा. ही संघटना अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे मराठीतूनही मीटिंग होतात आणि पुष्कळदा त्या चर्चच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात असतात. मीटिंग खुली आहे ना हे आधी फोन करून विचारायचं, बंद मीटिंगला बाहेरच्यांनी जायचं नसतं. आत गेल्यावर वही काढायची नाही, रेकॉर्डिंग नाही, फोटो तर नाहीच. शाळेच्या बाकांवर मोठी माणसं बसलेली असतात, एकजण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि सगळे त्याला नावाने नमस्कार करतात. मग तो सांगतो की पगाराच्या दिवशी घरी पोचायचोच नाही, मुलीच्या शाळेत बायको एकटीच जायची. कोणी सल्ला देत नाही, कोणी मधे बोलत नाही. ऐकणं म्हणजे काय हे मला त्या खोलीत कळलं, पुढच्या सगळ्या कोर्सांनी त्यात भर घातली एवढंच. जिथे गेलात तिथलं कोणी पुढे तलावपाळीला भेटलं तर ओळख दाखवायची नाही, त्यांनी दाखवली तर गोष्ट वेगळी.

स्वतःकडे लक्ष

बरीच मुलं सायकॉलॉजीला येतात कारण घरात काहीतरी घडलेलं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण डिग्री म्हणजे उपचार नव्हे. शोक, अत्याचार, आत्महत्या यावरचे धडे शिकताना जुनं वर आलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, आणि ते लगेच शक्य नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा, दुसऱ्यासाठीही लागतो.

पुढे काय

हे आईबाबांनी पण वाचा. नुसत्या बीएवर सायकॉलॉजिस्ट म्हणून दवाखाना टाकता येत नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन मग मानसोपचारात एमडी केलेला डॉक्टर, औषधं तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला कोर्स आणि त्यांची नोंदणी लागते, साधं एमए पुरत नाही. हे कोर्स सध्या बदलतायत, म्हणून कुठल्याही क्लासवाल्याच्या जाहिरातीवर न जाता आरसीआयच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव यादीत आहे का ते बघा. समुपदेशन, शाळा, एचआर, संशोधन याकडे जायला एमए, ते मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला आहे, देवनारच्या टिसमध्ये म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये आहे. लोकांमध्ये काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यूचा म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सचा विचार करा, चर्चगेटचं निर्मला निकेतन १९५५ पासून आहे आणि तेही सिस्टरांचंच. बीए झाल्यावर नोकरी करता करता डिस्टन्सने सायकॉलॉजीत एमए करू असा बेत असेल तर तो बदला, २०२५ पासून यूजीसीने सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन कोर्स बंद करायला सांगितलेत.

चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं का तिसऱ्या वर्षी बाहेर पडून दोन वर्षांचं एमए करायचं, हा प्रश्न आता नवीन आलाय. ज्यांना संशोधन करायचंय, परदेशी जायचंय त्यांनी चौथं वर्ष करावं, समुपदेशनात जायचंय त्यांनी तीन अधिक दोन करावं असं मी सांगते, कारण एमएला प्रत्यक्ष क्लायंटबरोबर देखरेखीखाली काम करायला मिळतं आणि तिथे एक वर्ष कमी पडू नये. काहीही ठरवा, पण एसवायपासून एक फाइल ठेवा, प्रत्येक व्हिजिट, वर्कशॉप, स्वयंसेवक म्हणून केलेलं काम, तारीख, तास आणि तिथल्या जबाबदार माणसाची सही. टीवायच्या शेवटी मुलाखतीला बसल्यावर मला लोकांना मदत करायला आवडतं हे तिथे आलेला प्रत्येकजण म्हणतो, तेव्हा फाइल उघडा आणि कुठे, कोणाबरोबर, काय केलं ते सांगा.